पाच पट्ट्यांचा कंदील

मागच्या खोलीचा एक पडदा काढून बादलीत भिजवला होता आणि दुसरा निम्मा काढून झाला होता. चार कड्या सुटल्या होत्या, तीन अजून दांडीवर. स्टुलावर चवड्यांवर उभी राहून पाचव्या कडीला हात घालते, तोच कपाटाच्या माथ्यावर पार मागे सरकवलेला बुटांचा खोका दिसला. खोक्यावर धूळ नव्हती. त्या खोलीत सगळ्यावर धूळ असते, कारण तिथे मला फडकं फिरवायला बंदी आहे. धूळ नाही म्हणजे खोका वरचेवर खाली उतरत होता.

खोली माझ्या दिरांची. विचारल्याशिवाय झाकण उघडलं हे चुकलंच, आणि ते मी त्याच दिवशी वहीत लिहूनही ठेवलं आहे. आत गुलाबी रबराचे ठोकळे होते, दोन-दोन एकत्र बांधलेले. एक जोडी सोडवली. आत पोकळी होती, कोपरात वाकलेल्या हाताची, मूठ आवळलेल्या. हात केवढा, तर तांदळाच्या दाण्याएवढा. ठोकळ्यांखाली कागदाच्या पुड्या. त्यात तलवारी, कुऱ्हाडी, मुंडकी, सगळं शिशाचं.

एरवी मला हसू आलं असतं. पण आदल्याच दिवशी दिरांच्या, पुतळे जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या नर्सबाईंचा फोन येऊन गेला होता.

"वहिनी, राग मानू नका. येत्या रविवारी आम्ही मंडळातली तिघं तुमच्याकडे येतोय. तुमच्या दिरांचं कपाट बघायला."

"बघायला म्हणजे?"

"म्हणजे... बघायलाच."

मग हळूहळू बोलल्या. त्यांच्या मंडळात सगळ्यांना हव्या असलेल्या जुन्या शिशाच्या पुतळ्यांची कुणीतरी नक्कल ओततं आणि जुनी म्हणून विकतं. एक तर खुद्द नर्सबाईंच्याच गळ्यात पडली. "साचा करायचं रबर, धातू ओतायचं सामान, आमच्यात हे सगळं कुणाच्या हाताशी आहे, तुम्हीच सांगा."

मी काही सांगितलं नव्हतं. आता खोका जागेवर ठेवला, स्टुलावरून उतरले आणि पडदा तसाच लोंबकळत सोडला.

भाऊजी दातांच्या लॅबमध्ये काम करतात. एकतीस वर्षं झाली. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात, त्यावरून भाऊजी कवळ्या बनवतात. माणूस कधी दिसत नाही, फक्त त्याचं तोंड दिसतं. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "वहिनी, रोज तीस तोंडं बघतो, आणखी एक कशाला?" मंडळात त्यांना कवळीवाले म्हणतात आणि तेही ती हाक ऐकून वळतात.

छंद चौदाव्या वर्षी लागला. बंद होणाऱ्या एका खेळण्यांच्या दुकानात तळाशी एक पुतळा पडला होता, बोटाच्या दोन पेरांएवढा, एक पाय तुटलेला पहारेकरी. दुकानदाराने फुकट दिला. भाऊजींनी आगपेटीच्या काडीचा पाय लावला आणि घरातल्या दाराच्या रंगाने अंगरखा रंगवला. तो पहारेकरी अजून आहे, अंगरखा आमच्या जुन्या दाराचाच. त्याच्यामागून आले ते मांत्रिक, बुटके योद्धे, दोन डोक्यांचे राक्षस, पंख पसरलेले ड्रॅगन. कुठल्याशा काल्पनिक राज्यांतली ही माणसं चाळीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात ओतली जायची, नंतर कारखाना बंद पडला आणि साचे मोडले. त्यामुळे जी उरली ती उरली. भाऊजी त्यांना फिगर म्हणतात. आमचे हे भुतावळ म्हणतात. मूर्ती म्हणणं माझ्या जिभेला जमत नाही, मूर्ती देवाची असते. मी चिमणी मंडळी म्हणते.

संध्याकाळी लॅबमधून आले की हातपाय धुऊन टेबलाशी बसतात. जुना रंग स्पिरिटमध्ये भिजवून दातांच्या ब्रशने उतरवायचा. मग बाटलीच्या बुचावर पुतळा चिकटवायचा, म्हणजे बोटं लागत नाहीत. पांढऱ्या फरशीचा तुकडा हे त्यांचं रंगाचं ताट. डोळ्यांना तीन केसांचा कुंचला, आणि डोळे काढताना श्वास धरतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, भाऊजींना काही झालं. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचे, ते मी भांडून सोडवलं. दातांच्या रंगांचं मात्र त्यांचं त्यांनाच कळतं. कवळीवाल्याला दाताच्या पांढऱ्याच्या सोळा छटा तोंडपाठ असतात. आमच्या घरातल्या एका राक्षसाला तर कोपऱ्यावरच्या टपालवाल्याचे दात आहेत. टपालवाला आला की मला आपलं उगीच दारातून मागे सरकावंसं वाटतं.

असा माणूस फसवेल? सोमवारी वाटलं, नाही. मंगळवारी वाटलं, हात तर तेवढा तयार आहे. संशय एकदा आत आला की घरातली प्रत्येक गोष्ट त्याची साक्ष देऊ लागते. मंगळवारी ते लॅबमधून तासभर उशिरा आले. बुधवारी फोन घेऊन अंगणात गेले आणि पाठ करून बोलले. खिशात छोटी पुडी होती, सकाळी जाताना जाड, संध्याकाळी चपटी. डबा घासायचं निमित्त करून मी त्यांची पिशवीही तपासली. आत लॅबची पावती, रुमाल आणि एक इवलासा शिशाचा पंख निघाला. पंख हातात धरून मी स्वयंपाकघरात उभी होते, तेवढ्यात आमचे हे आत आले.

"काय शोधतेस?"

"मीठ."

"मीठ तुझ्यासमोर आहे."

तीस वर्षांत मी यांच्याशी खोटं बोलले ते बहुधा चार-पाच वेळा. त्यातलं हे एक. संध्याकाळी प्रार्थनेला बसले तेव्हा देवाकडे आधी माझ्यासाठी क्षमा मागितली, मग भाऊजींसाठी. आणि मग म्हटलं, त्यांच्यासाठी मागायची गरज आहे की नाही तेवढं आधी कळू दे.

गुरुवारी दुपारी ते लवकर आले. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. आतून हाक आली, "वहिनी, हा पडदा सोमवारपासून असा फाशी गेल्यासारखा का लटकतोय?"

"काढताना खोका दिसला म्हणून."

आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग ते दारात येऊन उभे राहिले.

"कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"दादाला?"

"त्यांनाही नाही. आधी तुम्ही बोला. चूक केली असेल तर सांगा, मी तुमच्यासाठी देवापुढे नाक घासेन. पण माझ्याशी खोटं बोललात तर ताट वाढणार नाही."

"एवढं?"

"एवढं."

ते माझ्यासमोर बसले आणि समोरच्या ढिगातला टॉवेल उचलून घडी घालू लागले. कवळीवाल्याची घडी, कोपऱ्याला कोपरा. बोलायला लागले तेव्हा थांबले नाहीत.

त्यांच्या मंडळात शाबूत पुतळ्याचा मान मोठा. मूळ जसा ओतला तसाच असेल तर तो शाबूत, कपाटाच्या वरच्या फळीवर. हात तुटून पुन्हा बसवला की तो जोडलेला, त्याची जागा खाली. मग ज्याच्या हातून काही पडतं, तो ते लपवतो आणि गुपचूप भाऊजींकडे येतो. भाऊजी दुसऱ्या फिगरवरून किंवा जुन्या फोटोवरून तुटलेला भाग मेणात घडवतात, रबरात साचा घेतात आणि लॅबमध्ये सुटल्यावर ओततात. असं सांधतात की भिंगातूनही कळू नये. पैसे घेत नाहीत. बदल्यात फक्त शब्द देतात, कुणाला सांगणार नाही म्हणून.

"किती जण येतात?"

"प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच." इतकंच बोलले.

नावं त्यांनी घेतली नाहीत. पण एका पुडीवर 'घोडा, शिंग' असं लिहिलेलं मी पाहिलं होतं, आणि शिंगवाला घोडा त्या मंडळात फक्त मास्तरांकडे आहे. दर बैठकीत मास्तर त्याच्या शिंगाचं कौतुक सांगतात, हे भाऊजींकडून ऐकून मला पाठ आहे.

"रविवारी तिघं येणार हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग तेव्हा सांगून टाका की साचे कशाचे आहेत ते."

"कसं सांगू? हा साचा कुणासाठी, हे विचारणारच. एकाचं नाव घेतलं की सगळ्यांचीच उघडी पडतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मला काढतील." टॉवेलाची घडी पुन्हा उलगडून घालत म्हणाले, "वहिनी, महिन्यातून दोन रविवार मी माणसांत बसतो. बाकी सगळे दिवस जबडे."

मग त्यांनी मला कंदीलवाली म्हातारी सांगितली. हातात कंदील धरलेली, पाठीत वाकलेली एक चेटकीण. नर्सबाईंनी घेतलेली नक्कल तिचीच. खरी मंडळात फक्त चष्मेवाल्यांकडे, ज्यांचं चष्म्याचं दुकान आहे. सात वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांच्या हातून ती पडली आणि कंदिलाचा हात मोडून हरवला. भाऊजींनी टपालाच्या तिकिटाएवढ्या, धूसर फोटोवरून नवा हात केला. "मला कंदिलाच्या पुढच्या काचेवर पाच पट्ट्या दिसल्या. पाच केल्या. दोन वर्षांनी एका प्रदर्शनात दुसरी खरी म्हातारी भिंगाखाली पाहिली. पट्ट्या चार. वहिनी, जन्मभर दात मोजतोय मी, आणि पट्टी चुकलो. तोवर चष्मेवाल्यांनी ती शाबूत म्हणून सगळ्यांना दाखवलेली. काय सांगणार?"

"आणि नर्सबाईंच्या नकलेला?"

"मागच्या बैठकीत बघितली. पाच."

म्हणजे नक्कल चष्मेवाल्यांच्याच म्हातारीवरून उतरली होती. मी कुणाला काही सांगणार नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला. मी दिला. आणि ते उठून गेल्यावर मला पुन्हा शंका आली. गोष्ट इतकी नीट बसत होती. ज्याने म्हातारीला पाच पट्ट्यांचा हात केला, त्याच्याकडेच त्या हाताचा साचा. त्याला नक्कल ओतायला अडचण कसली? ज्याला लपवायचं असतं, तो निम्मं खरं सांगतो. देव साक्षीला आहे, मला तसं वाटायला नको होतं, पण वाटलं.

रविवारी चारला तिघं आले. मास्तर पुढे, शाळेत भूगोल शिकवायचे, अजूनही खोलीत शिरले की आधी खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघतात. मागे नर्सबाई, हातात गोळ्यांची रिकामी बाटली, बाटलीत कापसात गुंडाळलेली नक्कल. शेवटी चष्मेवाले. त्यांच्या छातीच्या खिशात चष्म्याचं घर नेहमी असतं. त्यात चष्मा नसतो, म्हातारी असते. लोक मुलांचे फोटो ठेवतात तसं.

"झडतीला आलात ना?" आमचे हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले. "मग आधी चहा घ्या. रिकाम्या पोटी पोलीससुद्धा येत नाहीत."

भाऊजींनी स्वतःच खोका उतरवून टेबलावर ठेवला. मास्तरांनी ठोकळे उलगडले आणि बराच वेळ त्यांत बघत राहिले. पुड्यांकडे मात्र त्यांचा हात गेला नाही. ते मी पाहिलं.

"हे हात, ही मुंडकी, हे कशाला?"

"जोडकामाला."

"कुणाच्या?"

भाऊजी भिंतीकडे बघू लागले. नर्सबाई पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होत्या.

"बोला की कवळीवाले," मास्तर म्हणाले. "वर्गातल्या पोरासारखे भिंतीकडे काय बघताय?"

"माझ्या," भाऊजी म्हणाले. आयुष्यात त्यांना खोटं कधी धड बोलता आलेलं नाही. कान लाल झाले.

मास्तरांनी पिशवीतून एक जुनी पुस्तिका काढली. त्या कारखान्याची मूळ यादी, चित्रांसकट, कालच टपालाने आली होती. कंदीलवालीचं पान उघडून त्यांनी नर्सबाईंची नक्कल शेजारी उभी केली आणि भिंग पुढे केलं. "मोजा बाई. यादीत पट्ट्या किती?"

"चार."

"आणि तुमच्या बयेच्या कंदिलाला?"

नर्सबाईंनी दोनदा मोजल्या. "पाच. अगंबाई!"

"ओतणाऱ्याला धड मोजताही येत नाही," मास्तर म्हणाले.

चष्मेवाल्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. मला वाटतं, त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. माणूस जन्मभर दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचायला लावतो आणि स्वतःच्या म्हातारीच्या पट्ट्या मोजत नाही.

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. शब्द दिलेला होता. पण मला जाणूनही घ्यायचं होतं. भाऊजी खरं बोलले का, हे मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त हवं होतं, कारण सोमवारी सकाळी डबा मला भरून द्यायचा होता. मी म्हटलं, "चष्मेवाले, तुमची खरी आणलीच आहे ना? मग शेजारी ठेवून बघा की. बटण बदलताना आम्ही बायका तेच करतो."

भाऊजींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की ट्रे खाली ठेवावा लागला.

"तिची काय गरज?" चष्मेवाले म्हणाले. "यादी आहे ना."

"ठेवा हो," नर्सबाई म्हणाल्या. "तिला काय थंडी वाजणार आहे?"

चष्म्याचं घर उघडलं. म्हातारी टेबलावर आली. मास्तरांनी भिंग धरलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला.

"पाच! म्हणजे तुमची खरी कवळीवाल्यांनी बदलली, चष्मेवाले! तुमच्या खिशातसुद्धा यांचीच!"

मला हे सुचलंच नव्हतं. मी मदत करायला गेले, आणि नकलेचा आरोप होता तिथे चोरीचा झाला. यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. भाऊजी खिडकीशी उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. बोलले नाहीत. ते बोलले नाहीत तेव्हाच माझी शंका गेली. खोटारडा माणूस त्या वेळी बोलतो.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बदललेली नाही," ते म्हणाले. "माझीच आहे. हात कवळीवाल्यांनी बसवलाय. सात वर्षांपूर्वी. माझ्याकडून पडली."

"म्हणजे जोडलेली?" मास्तर.

"जोडलेली." हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी आजाराचं नाव घ्यावं तसा निघाला. "गेल्या वर्षी प्रदर्शनात एका गृहस्थांनी फोटोसाठी म्हणून मागितली. दहा दिवस ठेवली त्यांनी. मंडळाबाहेर द्यायची नाही हा नियम आपलाच, म्हणून बोललो नाही."

"कोण गृहस्थ? पत्ता?"

"कार्ड हरवलं."

हे उत्तर त्यांनी जरा फारच चटकन दिलं, असं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. खोडलेलं नाही.

नर्सबाई एकदम खो-खो हसायला लागल्या. "मेल्यांनो! माझ्या बुटक्याची कुऱ्हाड, मांत्रिकाची दाढी, दोन्ही यांचीच! मी तीन वर्षं जीव मुठीत धरून येतेय मंडळात!" आणि भाऊजींच्या पाठीवर एक धपाटा घातला, इंजेक्शन द्यायच्या आधी घालतात तसा.

मास्तर हसले नाहीत. दुसऱ्या कपाला कधी हात न लावणारे मास्तर म्हणाले, "वहिनी, आणखी अर्धा कप मिळेल का?" मी दिला. पुडीचं मी काही बोलले नाही, तो शब्द अजून शिल्लक आहे. जाताना त्यांनी यादी पिशवीत घातली आणि भाऊजींना एवढंच म्हटलं, "पुढच्या बैठकीला लवकर या. खुर्च्या लावायच्या असतात."

मंडळी गेल्यावर भाऊजी जेवायला आले नाहीत. मी ताट घेऊन खोलीत गेले.

"तुम्ही बोलायला नको होतं, वहिनी."

"मी काही सांगितलं नाही. शेजारी ठेवा म्हटलं."

"तेच सांगणं झालं." मग ताट जवळ ओढत म्हणाले, "माझ्यावर विश्वास नव्हता ना?"

"नव्हता," मी म्हटलं. "आता आहे."

ते ताटाकडे बघत राहिले. घास घेतला तेव्हा मला बरं वाटलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. ते बघायला किती दिवस लागतील, माहीत नाही. लागू देत.

आज संध्याकाळी, म्हणजे सोमवारी, टेबलावर नर्सबाईंनी पाठवलेला मांत्रिक उलटा पडला होता. भाऊजी म्हणाले, "आता लपूनछपून नाही. जोडलेलं असेल त्याच्या बुडाखाली खूण म्हणून मी पांढरा ठिपका देणार. ज्याला चालेल त्याने आणावं."

"आणि कुणी आणलंच नाही तर?"

"तर कुणी आणलं नाही." कुंचला बाटलीत बुडवला आणि तसाच कोरडा वर आला. पांढरा रंग सुकून खडा झाला होता. उद्या लॅबमधून सुटल्यावर ते रंगाच्या दुकानात जाणार आहेत, पांढऱ्या इनॅमल रंगाची छोटी बाटली आणायला.